सोमवारची सुई

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. गाइड, फर्दापूरच्या टी-पॉइंटवरचे दुकानदार, हॉटेलांतली मंडळी, ज्यांचे पोट लेण्यांवर आहे त्या घरांत हा वार कॅलेंडर न पाहता कळतो. शुगरसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन डॉक्टरांनी आपल्याला लिहून दिले असेल, तर दिवस निवडताना असाच वार धरावा. कुणाला आठवडी बाजाराचा सोयीचा, कुणाला जुम्म्याचा. वार कोणताही चालतो, वेळही कोणतीही चालते, जेवणाआधी की नंतर यानेही फरक पडत नाही. एकदा धरलेला वार मात्र सोडायचा नाही.

हे औषध अंगात फार दिवस राहते, म्हणून वाराला एवढे महत्त्व. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

आधी नावे. सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपेटाइड ही औषधांची मूळ नावे. डब्यावर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव: तिर्झेपेटाइडचे माउंजारो, सेमाग्लुटाइडची ओझेम्पिक आणि वेगोव्ही. एली लिली कंपनीचे माउंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये कुपीच्या रूपात आले. तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना. नोव्हो नॉर्डिस्कचे वेगोव्ही जून २०२५ मध्ये आले, ओझेम्पिक डिसेंबरात. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पुढे देशी कंपन्यांना वाट मोकळी. म्हणजे आपल्या हातातला डबा आणि भावजींच्या हातातला डबा सारखा असेलच असे नाही. मोठ्या अक्षरांखाली बारीक छापलेले मूळ नाव वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता औषध करते काय ते पाहू. जेवण पोटात गेले की आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. संप्रेरक म्हणजे एका अवयवाने दुसऱ्या अवयवाला रक्तावाटे धाडलेला निरोप. हा निरोप स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतो, जठराला सावकाश रिकामे व्हायला सांगतो आणि मेंदूला कळवतो की आता पुरे. आपल्या शरीरातले जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत निकामी होते. संशोधकांनी तसाच रेणू बनवून त्याला मेदाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून राहते आणि औषध दिवसेंदिवस रक्तात फिरत राहते. तिर्झेपेटाइड याच्या जोडीला जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते.

सेमाग्लुटाइड अंगातून निम्मे व्हायला साधारण एक आठवडा लागतो, तिर्झेपेटाइडला पाच दिवस. याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा आपण सेमाग्लुटाइडचे १०० भाग टोचले. पुढच्या सोमवारी ५० भाग शिल्लक असतात, त्यात नवे १०० पडले की १५०. त्यापुढच्या सोमवारी त्यातले ७५ उरतात, वर १०० म्हणजे १७५. मग १८७, मग १९४, आणि दोनशेच्या आसपास पातळी स्थिरावते. डोस तोच, पण महिन्याभरात अंगातले औषध जवळजवळ दुप्पट झालेले असते.

हा हिशोब माहीत नसला की माणूस दुसऱ्याच आठवड्यात म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, काहीच फरक नाही, थोडा वाढवून द्या ना.’ औषध अजून साठतेच आहे. उलट बाजूनेही हिशोब तोच. चुकून जास्त टोचले गेले तर ते परत काढता येत नाही, त्याला उतारा नाही, आणि त्रास एका रात्रीत न संपता कित्येक दिवस चालतो.

सुरुवात डॉक्टरांपासून. या औषधासाठी चिठ्ठी लागतेच, आणि तीही नेहमीचे दुखणे-खुपणे पाहणाऱ्याकडून नको. निदान पहिल्यांदा तरी एमडी मेडिसिन किंवा मधुमेहाच्या तज्ज्ञाकडून घ्यावी. सिल्लोडला दाखवा, संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, पण जाताना जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. ‘एक पांढरी आणि एक गुलाबी’ एवढ्यावर कुठल्याही डॉक्टरांना डोस ठरवता येत नाही.

तपासण्या तीन-चारच. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालली आहेत त्याचा अंदाज. शुगर जुनी असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणीही. ती बहुतेक जण टाळतात. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरली की आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो. सेमाग्लुटाइडच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे दिसले होते. पडद्यावर आधी उपचार करून मग औषध सुरू करता येते.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का. त्याचा मेड्युलरी नावाचा प्रकार असेल तर हे औषध देत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का. पित्ताशयात खडे आहेत का. मूल हवे आहे का, किंवा दिवस गेले आहेत का. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि सेमाग्लुटाइड तर दोन महिने आधीच बंद करायचे असते. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर तिर्झेपेटाइडमुळे त्यांचा भरवसा कमी होतो. सुरुवातीचे चार आठवडे, आणि पुढे प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे, दुसरे साधनही वापरावे लागते. सासूबाई सोबत असल्या की हा विषय निघतच नाही, म्हणून हे लिहून ठेवले.

आता पिशवीतल्या पट्ट्यांकडे येऊ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढतात. नव्या इंजेक्शनाने जेवण कमी होते, आणि या गोळ्या मात्र पूर्वीच्याच जेवणाच्या हिशोबाने चालू राहतात. मग साखर एकदम खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्यामुळे सुरुवात करतानाच यांचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या जीएलपी-१च्याच वाटेने काम करतात. इंजेक्शन चालू असताना त्यांचा वेगळा फायदा उरत नाही. खिशाला पडणारी एक गोळी तरी कमी होते का, हे विचारायला संकोच करू नये.

श्रावणी सोमवार, एकादशी, रोजे यांचा प्रश्न इथेच सुटतो. सुई उपवासाच्या दिवशी घेतली म्हणून बिघडत नाही. सांभाळायच्या असतात त्या या साखर ओढणाऱ्या गोळ्या. साखर उतरल्यासारखी वाटली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. लाडू किंवा बिस्किट नको. या औषधाने जठर सावकाश रिकामे होते, घट्ट पदार्थाची साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो.

खरेदी पक्क्या बिलावरच करावी. डब्यावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलाशी ताडून पाहावी. ओझेम्पिकच्या नावाने बनावट माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. मोबाइलवर आलेली ‘निम्म्या भावात’ची जाहिरात, कुणाच्या ओळखीतून आलेली बिनडब्याची कुपी, यांच्या वाटेला जाऊ नये.

संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत अजिंठा शंभरेक किलोमीटर. मे महिन्यात ही वाट चाळीस अंशांच्या वरची, आणि एसटीच्या खिडकीशी ठेवलेली पिशवी त्याहूनही तापते. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. मेडिकलवाल्याकडे थर्माकोलचा डबा आणि जेलची थंड पिशवी मागावी. ती थंड पिशवी औषधाला थेट टेकवू नये. मध्ये टॉवेलची घडी ठेवावी. उन्हाने औषध खराब होते ही भीती सगळ्यांना असते, पण बर्फ लागून गोठले तरी ते तितकेच वाया जाते, हे लक्षात येत नाही. एकदा गोठलेले औषध पुन्हा पातळ झाले तरी टाकून द्यायचे.

घरच्या फ्रिजमध्येही हाच नियम. बर्फाच्या कप्प्याखाली नको, मागच्या भिंतीला टेकवून नको, दारातही नको. मधल्या फळीवर, मूळ डब्यासकट ठेवावे, कारण उजेडही त्याला सोसत नाही. लाइट गेली तर फ्रिज उघडून ‘थंड आहे ना’ असे दर अर्ध्या तासाने पाहू नये. बंद फ्रिज बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. फ्रिजबाहेर किती दिवस चालेल हे औषधागणिक वेगळे आहे. तिर्झेपेटाइडच्या कुपीला ३० अंशांखाली २१ दिवसांची मुभा आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच ३० अंश कुठे असतात? उन्हाळ्यापुरती ही मुभा नाहीच असे धरून चालावे.

डोसाची चढण अशी. तिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. चार आठवड्यांनी ५. त्यापुढे गरज असेल तरच, दर वेळी निदान चार आठवडे थांबून, २.५ने वाढवत जास्तीत जास्त १५. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, चार आठवड्यांनी ०.५, मग १. वजनासाठी दिले असेल तर पुढे १.७ आणि २.४. पहिल्या पायरीचा डोस पोटाला सवय लावण्यासाठी असतो, साखर किंवा वजन उतरवण्यासाठी नाही. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो तिथे येऊ. तीन मापे आहेत आणि ती एकमेकांची नाहीत. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन. मिलिलिटर हे पाण्याचे, म्हणजे ज्यात औषध विरघळवले आहे त्या द्रवाचे माप. आणि सिरिंजवरच्या रेघा, ज्यांना इन्सुलिन घेणारे सगळे ‘पॉइंट’ म्हणतात, ते इन्सुलिन मोजायचे माप. ‘सकाळी वीस पॉइंट, रात्री दहा’ असे वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाला नवे इंजेक्शन मिळाले की तो पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पॉइंट भरायचे?’ प्रश्न साहजिक आहे, पण उत्तर सिरिंज पाहिल्याशिवाय देता येत नाही.

कारण आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची यू-४०; तिच्यात एक मिलिलिटरचे ४० पॉइंट होतात. नारिंगी टोपणाची यू-१००. तिच्यात एक मिलिलिटरचे १०० पॉइंट. माउंजारोच्या कुपीत एक डोस असतो तो अर्धा मिलिलिटर. नारिंगीत तो ५०च्या रेघेवर येतो, लालमध्ये २०च्या. लाल सिरिंज वापरणाऱ्या शेजारणीने ‘मी वीस भरते’ असे सांगितले आणि आपण नारिंगीत वीस भरले, तर अर्ध्याहूनही कमी औषध अंगात जाते आणि बाकीचे कुपीतच राहते.

आणखी एक गोम. या कुप्यांमध्ये २.५ मिलिग्रॅम असो की ५, द्रव अर्धाच मिलिलिटर असतो. म्हणजे रेघ तीच, औषध दुप्पट. ‘मागच्या वेळेइतकेच भरले’ यावर विसंबू नये. दर वेळी कुपीवरचा मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचावा. घरात कुणी शिकलेले पोर असेल तर त्यालाही वाचायला लावावे.

एकाच कुपीत अनेक डोस असले की हा घोटाळा धोक्याचा होतो. समजा एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड आहे. ०.२५ मिलिग्रॅम हवे असेल तर द्रव लागतो ०.०५ मिलिलिटर, म्हणजे नारिंगी सिरिंजवर फक्त ५ पॉइंट. कुणी ‘०.२५’ हा आकडा डोक्यात ठेवून २५ पॉइंट भरले, तर अंगात १.२५ मिलिग्रॅम जाते. पाच पट! हे नुसते कागदावरचे उदाहरण नाही. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये याबद्दलच सावध केले होते: औषधाच्या दुकानात तयार करून दिलेल्या सेमाग्लुटाइडच्या कुप्यांतून लोकांनी ठरल्यापेक्षा पाच ते वीस पट डोस घेतला होता आणि काहींना दवाखान्यात भरती करावे लागले होते. चूक रुग्णांचीच होती असे नाही. काही ठिकाणी सांगणाऱ्यांनीच हिशोब चुकवला होता. त्यामुळे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तिन्ही मापे लिहून घ्यावीत: इतके मिलिग्रॅम, म्हणजे इतके मिलिलिटर, म्हणजे अमुक टोपणाच्या सिरिंजवर इतके पॉइंट. कंपनी किंवा डबा बदलला की हा कागद रद्द समजून नवा घ्यावा.

कुपीतून भरताना आधी हात साबणाने धुवावेत. औषध पाण्यासारखे नितळ किंवा किंचित पिवळसर असते. गढूळ किंवा कण असलेले घेऊ नये. कुपीचे रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावे. जेवढे औषध काढायचे तेवढी हवा सिरिंजमध्ये ओढून ती कुपीत सोडावी, मग कुपी उलटी धरून सुईचे टोक द्रवात ठेवून औषध ओढावे. बुडबुडा दिसला तर सिरिंजला टिचकी मारून तो वर आणावा आणि परत कुपीत ढकलावा. कुपी हलवून फेस काढू नये.

पाच मिलिग्रॅमची एक कुपी दोन आठवडे पुरवायची, अशी काटकसर काही घरांत चालते. एका डोसाच्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचे रसायन नसते. एकदा सुई गेली की उरलेले औषध टाकायचेच. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना सांगावी. स्वस्त पर्याय किंवा खालचा डोस सुचवता येतो.

पेन असेल तर काम सोपे, पण पेनाच्याही खोड्या आहेत. सुई दर वेळी नवी लावायची. चार मिलिमीटरची बारीक सुई पुरते. टोचून झाल्यावर सुई काढून टाकायची. ती तशीच ठेवली की पेनात हवा शिरते आणि औषध गळते. तिर्झेपेटाइडच्या चार डोसांच्या पेनात दर वेळी टोचण्याआधी थोडे औषध हवेत सोडून पाहायचे असते. ओझेम्पिकच्या पेनात ही तपासणी फक्त नव्या पेनाच्या पहिल्या वेळी. दर वेळी केली तर शेवटच्या डोसाला औषध अपुरे पडते. देशी कंपन्यांची पेने आणखी वेगळी असू शकतात, तेव्हा डब्यातला कागद टाकून देऊ नये.

बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच उपसू नये. आत ठेवूनच सावकाश मोजावे: तिर्झेपेटाइडच्या पेनाला पाचपर्यंत, सेमाग्लुटाइडच्या पेनाला सहापर्यंत. घाईने उपसली की थेंब कातडीवर येतो आणि तेवढा डोस कमी जातो. चार डोस संपल्यावरही पेनात थोडा द्रव दिसतो, तो सिरिंजने ओढून ‘पाचवा डोस’ करायचे सल्ले ऐकू येतात. तसे अजिबात करू नये. किती औषध आले हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि नवरा-बायको दोघांना औषध चालू असले तरी दोघांचे पेन वेगळे. सुई बदलली तरी पेन सामायिक चालत नाही. रक्तातून पसरणारे आजार पेनातूनही जातात.

टोचायची जागा पोट, मांडीचा पुढचा भाग, किंवा दुसरे कुणी टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. पोटावर बेंबीपासून दोन इंच लांब. औषध कातडीखालच्या चरबीत जायला हवे. दर आठवड्याला जागा बदलावी, टोचून झाल्यावर चोळू नये. इन्सुलिनही चालू असेल तर दोन्ही एका सिरिंजमध्ये मिसळू नयेत, आणि पोटावरच टोचायचे तर दोन जागांत अंतर ठेवावे.

वापरलेली सुई घंटागाडीत टाकू नये. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला ती टोचते. जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्यावी. तिथे सुयांसाठी वेगळा डबा असतो.

टोचल्यानंतरचे दोन-तीन दिवस मळमळ जास्त जाणवते, विशेषतः डोस वाढवला त्या आठवड्यात. ताट अर्धे करावे, सावकाश जेवावे, पोट भरल्याचा पहिला इशारा मिळाला की थांबावे. तळलेले आणि तेलकट फार त्रास देते. आपल्याकडची खरी अडचण म्हणजे पंगतीतला आग्रह. जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आहे आणि वाढणारा ‘एक जिलबी तर घ्याच’ म्हणून उभा आहे, अशा वेळी ‘डॉक्टरांनी मना केले आहे’ हे चार शब्द लाजेवर भारी पडले पाहिजेत. बद्धकोष्ठ होते, त्यासाठी पाणी, पालेभाजी, काकडी-टोमॅटो वाढवावेत.

उन्हाळ्यात उलट्या-जुलाब लागले तर हलके घेऊ नये. घामाने आधीच पाणी गेलेले, त्यात हे, आणि वर तहान-भूक दोन्ही मंदावलेली; मूत्रपिंडांवर ताण येतो. घोट-घोट ओआरएस घ्यावे. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा लघवी फार कमी झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून ती कळ पाठीत जाऊ लागली, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. पुढची सुई न घेता थेट डॉक्टर. उजव्या बरगडीखालची कळ पित्ताच्या खड्यांची असू शकते. शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाबद्दल आधी सांगावे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

सोमवार चुकला तर? सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत, म्हणजे शनिवारपर्यंत घेता येते. तिर्झेपेटाइड चार दिवसांच्या आत, म्हणजे शुक्रवारपर्यंत. त्यानंतर आठवले तर तो डोस सोडून द्यावा आणि पुढच्या सोमवारी नेहमीचा एकच घ्यावा. चुकलेला आणि नवा मिळून दोन कधीच नाहीत. ‘घेतली की नाही’ हेच आठवत नसेल, तर न घेणे बरे. म्हणूनच फ्रिजच्या दारावर तारीख, डोस आणि जागा लिहिलेला कागद असावा. वार बदलायचा असेल तर दोन सुयांमध्ये किमान तीन दिवस जाऊ द्यावेत. लागोपाठ दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर जुन्या मोठ्या डोसावर परस्पर परत जाऊ नये; औषध अंगातून उतरलेले असते, पोटाची सवय मोडलेली असते, आणि डॉक्टर पुन्हा खालच्या पायरीवरून चढवू शकतात.

वरच्या पायरीवर गेलेच पाहिजे असे नाही. साखर आटोक्यात आली, वजन सावकाश उतरते आहे, पोट ठीक आहे, तर त्याच डोसावर राहणे योग्य. आपल्या लोकांना घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. या औषधाने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. मुळात कमी असलेले स्नायू झपाट्याने गेले तर जिना चढताना, घागर उचलताना कळते. म्हणून थोडे जेवायचे असले तरी ताटात आधी पिठले, मटकीची उसळ, अंडी, दही, मग भाकरी. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, वजन उचलणे असा जोर लागणारा व्यायाम.

शेवटी पैशाचा हिशोब, जो खरे तर पहिल्या सुईआधीच करायला हवा. हे औषध कोर्ससारखे चार महिन्यांत संपत नाही. सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले होते; औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. जमीन विकून किंवा कर्ज काढून सहा महिने घ्यायचे आणि मग सोडायचे, यात हाती फार काही राहत नाही. वर्ष-दोन वर्षे झेपेल असाच पर्याय निवडावा. सोडायचेच ठरले तर कमी केलेल्या जुन्या गोळ्या पुन्हा वाढवायच्या का, हे आधी विचारून घ्यावे, कारण शेवटच्या सुईनंतर महिन्याभरात औषध जवळजवळ उतरते आणि साखर वर येऊ लागते. त्या महिन्यात उपाशीपोटीची साखर आठवड्याला एकदा तरी मोजावी, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी.